फरदड

पहाटे साडेतीनला आमचे हे उठतात,
सदरा उलटा घालतात,
म्हणतात, बंड्या लागल्या असतीन फाटकापाशी, जातो मी.

जिनिंग बंद होऊन एकोणीस वर्षं झाली.
तिथे आता मंगल कार्यालय आहे.
काट्याच्या जागी नवरदेवाची घोडी उभी राहते.
आधी मी सांगायची हे.
सांगितलं की दर वेळी तेवढंच लागायचं त्यांना,
पहिल्यांदाच कळल्यासारखं.
आता मी चपला घालते, बॅटरी घेते
आणि नाल्याच्या पुलापर्यंत मागून चालते.
पुलावर हे थांबतात.
कशाला निघालो, ते तिथेच कुठे गळून पडतं.
मग मी म्हणते, चला, आज खरेदी बंद आहे.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, महिना कोणता?
हे खिडकीबाहेर बघून म्हणाले,
तुरीले शेंग भरली, पण हिरवी हाये अजून.
तिनं कागदावर शून्य मांडला.
परतताना एसटीतून पाहिलं,
खरांगण्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगाला तूर,
शेंग भरलेली.
हिरवी.

बाई चांगली होती. मेंदूचं चित्र काढून दाखवलं,
अल्झायमर म्हणाली,
नवं आधी पुसलं जातं, जुनं मागाहून.
खोडून काढू नका, रागावू नका, एकटं सोडू नका.
बरं होईल असं मात्र
एकदाही म्हणाली नाही.

गावात याला नावं आहेत. चळ. करणी.
आणि नाटकं.
हे शेवटचं आमच्याच घरातलं,
उमेशनं ठेवलेलं, पेन्शनच्या दिवशी,
बँकेत यांना सही जमेना तेव्हा.
साहेबानं अंगठा घेतला शाईत बुडवून.
त्या अंगठ्यानं तीस वर्षं
अख्ख्या तालुक्याच्या कापसाचा धागा ओढून पाहिला होता.
देवमन ग्रेडर म्हणाला लांब, तर लांब.
उमेश बाहेर येऊन मोटरसायकलवर नुसता बसून राहिला,
किल्ली न लावता.

सुनेला मी काय बोलू.
कुंदाच्या गालावर पाच बोटं उठली एकदा, आंघोळीच्या वेळी.
पाणी अंगावर आलं की हे भितात.
दुसऱ्या दिवशी तिनं दाराला बाहेरून कडी बसवून घेतली.
मी ती काढली नाही.
रात्री हळू लावते, आवाज होऊ नये म्हणून.
साडेतीनला मीच उघडते.

परवा दुपारी मला म्हणाले,
बाई, तुमी बसून रायल्या केव्हाच्या, घरी वाट पायत असतीन.
तुमचं गाव कोणतं?
मी माहेरचं नाव सांगितलं, मांडवा.
बावन्न वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मनात म्हटलं, आता काही आठवेल,
मांडव, वाजंत्री, निदान माझा थोरला भाऊ.
हे म्हणाले,
मांडव्याचा कापूस आखूड धाग्याचा रायते.
मला इतकं हसू आलं
की कुंदा आतून धावत आली.

कृषी खात्याचा पोरगा दरसाल सांगून जातो,
फरदड ठेवू नका काकू, पऱ्हाटी उपटून टाका,
अळी पोसते.
खरंच सांगतो तो.
तरी धुऱ्याकडची दोन तासं मी राखते.
पाणी नाही, खत नाही,
फेब्रुवारीत एखादं बोंड फुटतं,
लहान, वाकडं, पिवळट.

ते आणून यांच्या हातात देते.
तेव्हा बोटं जागी होतात.
सरकी बाजूला, चिमटीत धागा,
ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा,
मांडीवर ठेवून बघायचा.
काल म्हणाले, ओल हाये याले. वाळवून आणा.
ओले माझे हात होते, भांड्यांचे.

आज पदराला कोरडे करून गेले.
बराच वेळ धागा उजेडाकडे धरून होते.
मी उभी राहिले समोर,
मागे चाळीस बंड्या लागल्यासारखी,
माझा नंबर आल्यासारखी.